माघारी न दिलेली हाळी

डॉक्टरांनी माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, जांघेत बोटं दाबली आणि कंपाउंडरकडे बघून म्हणाले, "ब्यूबो." म्हणजे प्लेगची गाठ. मला शब्द कळला नाही. मालक पाय आखडून ओरडले, ते कळलं. गावात आधीच उंदीर पडले होते आणि सगळी माणसं शिवारात झोपड्या घालून राहत होती.

"इसकू अलग रखो," डॉक्टर सासऱ्यांना म्हणाले. "पानी पिलाते रहो. पानी कम नक्को पड़ने देव." औषधाची एक बाटली दिली, पण तिची खात्री नाही असं तेच म्हणाले. पाण्याचं मात्र तीनदा सांगितलं.

आता मी म्हातारी आहे. चार बुकं शिकले तीही मुलीबरोबर बसून. आजारी माणसाची उठबस करणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते.

मालकांना दरीच्या पलीकडे झोपडी घातली. आमची सोनी अंगावर पीत होती, म्हणून मला तिकडे जायला बंदी होती. सासरे रोज सकाळी भाकरी आणि पाण्याची घागर दारात ठेवून येत. दरी उतरून पलीकडे चढायला त्यांना निम्मी सकाळ लागे.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाळी देऊन बोलतो. एकानं हाळी दिली की दुसऱ्यानं ती जशीच्या तशी माघारी द्यायची. चुकली तर पहिला "न्हाई" म्हणतो आणि पुन्हा सांगतो. जुळली तर "बराबर" म्हणतो, मगच बोलणं संपतं. वाऱ्यात निम्मे शब्द उडून जातात, त्याला दुसरा इलाज नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी नुसती मान हलवायची. सासरे म्हणाले होते, "मान तर गाढव बी हलवतंय. मी काय म्हनलो ते माघारी सांग."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी "सोनीच्या बापा" अशी हाळी द्यायची. ते "सोने गं" म्हणून मला हाक मारायचे. दुसऱ्या दिवशी त्यांची हाळी आली, "भाकर करपली!" मी ती माघारी दिली. "बराबर! उद्या बी करपव, तेवढीच चव लागती!" तेही मला सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं माघारी द्यावं लागलं. बायका हसल्या. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. हाळीत फक्त "ताप, ताप" एवढंच.

चौथ्या दिवशी सासरे परत आल्यावर, ऊन चढताना हाळी आली. वारा सुटला होता. "सोने गं" एवढं कळलं, पुढचं गेलं. मी ओरडले, "ऐकू आलं न्हाई!" त्यांनी पुन्हा हाळी दिली. पुन्हा काही कळलं नाही. ते दाराची मेढ धरून उभे होते आणि दर हाळीनंतर कमरेत वाकत होते. तिसऱ्यांदाही तेच. आणखी विचारलं तर हा माणूस इथंच कोसळेल असं मला वाटलं. मला दया आली.

मी ओरडले, "हो! हो!"

ते तसेच उभे राहिले. माघारी यायची वाट बघत होते. मी पुन्हा "हो" म्हणाले. त्यांनी हात वर केला आणि आत गेले. "बराबर" म्हणाले नाहीत.

दिवसभर पुन्हा हाळी आली नाही. मला वाटलं, आराम पडला.

सकाळी सासरे गेले ते रिकाम्या हातानं आले. "गेला पोरी," म्हणाले. घागर बुडाशी फुटून दारात आडवी पडली होती. आत थेंब नव्हता.

चार दिवसांनी डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी सांगितलं की या तापात डिलिरियम होतो, म्हणजे माणूस भ्रमात बरळतो. पाणी मिळूनही तो वाचला असता असं नाही. लोकांनी तेच धरलं. बरळला असेल, तू जिवाला लावून घेऊ नकोस, म्हणाले.

मालकांचा चुलतभाऊ भिवा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "न्हाई वैनी. त्यो सुद्दीत हुता. मी झोपडीच्या वरच्या अंगाला मेंढरं चारत हुतो. 'घागर फुटली, पानी धाडा,' म्हनला. तीनदा म्हनला. मी उतराया निघालतो. तुमी हो म्हनल्या, म्हनून माघारी फिरलो."

"तोंड मिट बे!" सासरे ओरडले.

भिवानं तोंड मिटलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

डॉक्टरांचं खरं असेल. मालक तसेही गेले असते. पण तहानेनं कोरडे होऊन गेले, ते माझ्या 'हो'मुळे. मी गप्प राहिले असते तर ते आणखी ओरडले असते, भिवा खाली उतरला असता. माझ्या 'हो'नं दोघांनाही थांबवलं.

आता मला कमी ऐकू येतं. दवाखान्यात डॉक्टरीण विचारते, "आजी, कळलं ना?" मी म्हणते, "न्हाई. पुन्ना सांगा." मग गोळी कधी, कशाबरोबर, ते सगळं तिला माघारी सांगते. ती वैतागते. वैतागू दे. तुमच्या माणसाचं बोलणं कळलं नसेल तर त्याला दमवा, रडवा, पण पुन्हा विचारा.

भिवाचे उपकार मी विसरले नाही. तो गप्प बसला असता तर मालक शेवटी काय म्हणाले ते मला कधीच कळलं नसतं.

भिवा बोलला त्या दिवशी, सगळे उठून गेल्यावर मी दरीच्या काठाला गेले. वारा पडला होता. मी ओरडले, "घागर फुटली, पानी धाडा!" मग बराच वेळ उभी राहिले. "बराबर" म्हणायला पलीकडे कोणी नव्हतं.