माघात फणसाचा वास

गावात तिलेश्वरीला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती खारवाली आइता, म्हणजे खारवाली आजी. माजुली बेटाच्या ज्या टोकाला लुइत नदी दरवर्षी थोडा थोडा काठ खाते, तिथे तिचं बांबूचं घर होतं आणि घरामागे भीमकोळ केळींची अशी दाट राई, की भर दुपारीही आत ऊन शिरत नसे. त्या केळ्यांच्या साली ती वाळवी, जाळी, राख भोकाच्या मडक्यात भरी आणि वरून पाणी सोडी. खाली थेंब थेंब ठिबके तो खार. कोऱ्या चहाच्या रंगाचा, बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागणारा, आपल्या पापडखाराचा भाऊच म्हणा. जेवणाची सुरुवात खार घातलेल्या भाजीने आणि शेवट आंबट कालवणाने, हा तिथला रिवाज. त्यामुळे तिचं मडकं बारा महिने ठिबकत असे.

खाराचा जोर ती बोटावर ओळखे. बोटाला हळद लावायची, थेंबात बुडवायचं. हळद विटकरी झाली तर खार पोटाला सोसेल. लालभडक झाली तर केस धुवायला. चाळीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता.

पौषात एके दिवशी नात निजरा शाळेतून कागदाच्या बारीक पट्ट्या घेऊन आली. वय बारा, बोलणं बाविशीचं.

"आइता, जीभ काढ बाहेर."

"का गं, डॉक्टरीण झालीस?"

"पट्टी लावायची आहे. शून्य ते चौदा. सात म्हणजे मधोमध. खाली गेलं की आंबट, वर गेलं की खार. आणि एकेक पायरी दहापटीची."

आंबट कालवणात पट्टी केशरी झाली, खारात निळीजांभळी. तिलेश्वरीने हळदीचं बोट शेजारी धरलं आणि म्हणाली, "मला तुझ्या कागदाआधीच कळतं हे. बरं, माणसाचं रक्त किती गं?"

"सात पॉइंट चार. बाई म्हणाल्या, रक्त जरा जरी इकडेतिकडे सरकलं तर माणूस राहत नाही."

"मग? आधी खार, शेवटी आंबट. आमच्या आज्यांनी ते उगाच का ठरवलं?" तिलेश्वरी खूश झाली. आपण आयुष्यभर पोरांचं रक्तच सांभाळत आलो, असं तिला त्या दिवशी वाटलं.

बिहूचा सण झाला आणि निजराला तहान लागली. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग सून रुनुमीच्या ध्यानात आलं, की सकाळी भरलेली कळशी दुपारी रिकामी असते. पोर खात होती दोघींएवढं आणि फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. परसात ती जिथे लघवीला बसे, तिथे मुंग्यांची काळी रांग लागायची. दुसरीकडे कुठे नाही, तेवढ्याच जागी.

आणि वास यायला लागला.

पहिल्यांदा तिलेश्वरीला वाटलं, कुणीतरी फणस फोडलाय. पिकून उतरलेल्या गऱ्याचा तो गोड, डोक्यात जाणारा वास. पण फणस जेठात पिकतो. हा माघ होता, बाहेर धुक्यात हात दिसत नव्हता. तिने माळा पाहिला, चुलीमागे पाहिलं. वास निजराबरोबर हलत होता. ती न्हाणीत गेली की तिकडे, ओट्यावर बसली की तिथे.

"तुला येतोय का गं?" तिने सुनेला विचारलं.

"कसला वास, मा? मला तर काहीच नाही येत."

शेजारची भादै आली, तिलाही नाही. तिलेश्वरीने पुन्हा कुणाला विचारलं नाही. कारण हा वास तिला माहीत होता. तिची धाकटी बहीण मालती दहाव्या वर्षी वारली, त्या आठवड्यात घरात हाच वास होता. तेव्हाही तो तिला एकटीलाच यायचा. आईने सांगितलं होतं, राईतली जोखिनी फळांचा वास लावून पोरींना नेते. वास आला तरी आला म्हणू नये.

भादै पोरीकडे बघून म्हणाली, "केळीच्या राईत खेळते ना ही? बेज मांत्रिकाला बोलव. मंत्र घालून जाईल."

"जोखिनी काय कळशीभर पाणी पिते होय गं? तू तुझ्या घरी जा, भात करपेल."

रुनुमी म्हणाली, "मा, उद्याच्या फेरीबोटीने पलीकडे दवाखान्यात नेऊ या. हे तिकडे तेलाच्या खाणीवर, त्यांना कळवते मी."

तिलेश्वरीच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. पोरीची लघवी तिने पट्टीवर धरून पाहिली होती. पट्टी पिवळी झाली होती, म्हणजे आंबट. तिला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. रक्त आंबट बाजूला सरकलंय, ते वर आणायचं. ते आपल्याइतकं कुणाला जमणार?

"दोन दिवस दे मला," ती सुनेला म्हणाली. "भूतबीत काही नाही. आंबटपणा चढलाय. मी उतरवते."

सकाळ-दुपार-संध्याकाळ खार घातलेला मऊ भात. पोरीने तो ओकून टाकला. तिलेश्वरीने पुन्हा भरवला. पट्टी पिवळीच. दुसऱ्या दिवशी निजराचा श्वास बदलला. पोर नुसती पडून होती आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. लांब, खोल, एका लयीत. ढेकीत भात कांडणारी बाई तरी मध्ये थांबते. हा श्वास थांबत नव्हता. बांबूच्या भिंतीपलीकडे अंगणात तो ऐकू येई. "हळू घे, माजोनी, बाळा, हळू," म्हणत तिलेश्वरी तिची छाती दाबून धरी. छाती तिचा हात उचलून टाकी.

तिसऱ्या सकाळी तिने मडक्यातला पहिल्या धारेचा खार काढला. हळदीचं बोट रक्तासारखं लाल झालं. तिने तो चमच्यात घेतला, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. निजराचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती आजीकडे बघत नव्हती, आजीच्या पाठीमागे दाराकडे बघत होती.

"मालती कोण गं?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

घरात हे नाव तिच्यासमोर कुणी घेतलेलं नव्हतं; किंवा या दोन दिवसांत तिलेश्वरीच्याच तोंडून ते निघून गेलं असेल. तिला आठवेना. चमचा कलला, खार मनगटावर सांडला आणि भाजल्यासारखं झालं. तिने ती लाल झालेली कातडी पाहिली. हे आपण पोरीच्या घशात ओतणार होतो. केस धुवायचा खार.

"रुनुमी," ती म्हणाली, "घाटावर चल. आत्ता."

धुक्यामुळे फेरीबोट दहाला सुटली. नदी दिसत नव्हती, काठ दिसत नव्हता. इंजिनाच्या धडधडीवरही निजराचा श्वास ऐकू येत होता. लोक हळूहळू बाकावरून उठून लांब गेले. मध्यावर आल्यावर एक म्हातारा गाठोडं सावरत इकडेतिकडे बघू लागला.

"फणस कुणी आणलाय रे?" त्याने विचारलं. "या दिवसांत?"

तिलेश्वरीच्या अंगावर काटा आला तो पलीकडचा काठ येईपर्यंत गेला नाही.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पोरीच्या तोंडाशी वाकून एकदाच वास घेतला आणि धावपळ सुरू झाली. बोटातून थेंब, मनगटातून रक्त, दोन्ही हातांत सुया.

"साखर मीटरमध्ये मावत नाहीये. आणि रक्त सात पॉइंट शून्य तीन. आइता, घरी काय दिलंत?"

तिलेश्वरीने सगळं सांगितलं. चमच्याचंही.

डॉक्टरीण रागावली नाही. "रक्त आंबट झालंय हे तुमचं खरं निघालं. पण त्या पट्टीवरून नाही. लघवी बहुतेकांची आंबटच असते. आणि खार पोटात घालून रक्त वर येत नाही. पोट तर मुळात आंबटच, तो तिथेच विरतो. रक्ताचं माप फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. हिच्या अंगातलं इन्सुलिन संपलंय, त्याशिवाय साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळतं, त्याचं आम्ल होतं. तो वासही त्याचाच. सगळ्यांच्या नाकाला येत नाही तो."

"आणि हा श्वास?"

"तो आजार नाही. आंबटपणा बाहेर फेकायची धडपड आहे ती. त्याच्यावरच इथवर आली पोर."

तिलेश्वरीने आपले हात पदराखाली घेतले. कालपासून तिने तीच छाती दाबून धरली होती.

"माझी बहीण…" ती म्हणाली, "तीही अशीच होती. साठ वर्षं झाली. आई म्हणायची, जोखिनीने नेलं."

"असेल. आता सांगता येणार नाही," डॉक्टरीण हळू म्हणाली. "पण कुणी न्यायला आलं नसणार तिला, आइता."

सलाइन ठिबकत राहिलं. दर दोन तासांनी नर्स आकडा सांगून जाई. सात पॉइंट अकरा. सात पॉइंट एकोणीस. रुनुमी भिंतीला टेकून पेंगली. तिलेश्वरी श्वास मोजत बसली. मोजणं थांबलं तर श्वासही थांबेल, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

मध्यरात्र उलटता उलटता तो आवाज कमी होत गेला. मग ऐकूच येईना. खोलीत एकदम शांतता झाली. मालतीचाही श्वास असाच शांत झाला होता, आणि आई म्हणाली होती, बघ, झोप लागली तिला. तिलेश्वरी उठून कॉटपर्यंत गेली आणि निजराच्या नाकाखाली बोटं धरली. काही लागत नव्हतं. मग लागलं. बारीक, कोमट. वास नव्हता.

"नर्सबाई," तिने हाक मारली, "हिचा श्वास ऐकू येत नाही."

नर्सने कागद पाहिला. "सात पॉइंट एकतीस. श्वास असाच असतो, आइता. ऐकू न येणारा."

तिलेश्वरीने ऐकलं, मान हलवली, पण बोटं काढली नाहीत. उजाडलं तरी काढली नाहीत. निजरा कूस बदलताना पुटपुटली, "आइता, नाक सोड ना. झोपू दे."

"झोप तू," ती म्हणाली. "माझं आपलं चालू दे."