कच्चा टाका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला मी सगळं सांगते — शेजारच्या घरात आज काय शिजलं, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, सगळं. हे तेवढं राहिलंय. सांगायचं तर गिटारपासून सुरुवात करावी लागते, आणि गिटारचं नाव निघालं की मी काहीतरी निमित्त काढून उठते. दूध उतू जाईल म्हणते. आज उठत नाही.

तर गिटार. जळगावात, पंपाच्या मोटारी भरणाऱ्या माणसाच्या घरात इलेक्ट्रिक गिटार — ऐकायलाच विचित्र वाटतं ना? माझे वडील, नाना, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींमध्ये नवी तार भरून द्यायचे. पुढच्या खोलीत मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा वास. मागच्या खोलीत आम्ही, आणि तोच वास. मोठा भाऊ पाइपच्या कारखान्यात जायचा आणि लग्नसराईत बँजो पार्टीत वाजवायचा. त्याला मी नुसतं भाऊच म्हणते. मी दहावीनंतर घरी होते. घरी म्हणजे नानांच्या हाताखाली. माझी बोटं बारीक, म्हणून तार बसवायचं आणि टाके द्यायचं काम माझ्याकडे.

टाका म्हणजे सोल्डर. तारेला तार जोडून वर शिसं वितळवायचं, त्याला आमच्याकडे टाका म्हणतात, शिवणातल्यासारखाच. आणि शिवणात असतो तसा इथेही कच्चा टाका असतो. तार नीट खरवडली नाही, नीट तापवली नाही, नुसता शिशाचा थेंब वर टाकला, की तो दिसतो चकचकीत आणि आतून धरत नाही. मोटार थरथरली की सुटतो. नानांना राग सहसा यायचा नाही, पण कच्चा टाका दिसला की ते हातातलं काम खाली ठेवायचे. "कच्चा टाका म्हंजे लबाडी शे," म्हणायचे. हे नीट लक्षात ठेवा. मी उगाच नाही सांगत.

धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्राचा टेम्पो पारोळ्याजवळ उलटला. माणसं वाचली, वाद्यं चेपली. त्यातली एक गिटार भाऊनं गोणपाटात गुंडाळून घरी आणली. मान डोक्याखाली मोडलेली, रंगाचे पोपडे निघालेले, तारा लोंबत होत्या.

"काय भंगार लई उना रे?" आई म्हणाली.

"भंगार नई माय, गिटार शे."

आईला त्यात फारसा फरक दिसला नाही.

तो उन्हाळा आम्ही दोघांनी त्या गिटारीवर घालवला. मोडलेल्या मानेत सुताराचा सरस भरला आणि वरून सायकलची जुनी ट्यूब इतकी आवळून बांधली की भाऊच्या हाताला फोड आले. जुना रंग काचकागदानं घासून काढला. नवा रंग कुठून आणणार? नानांच्या मोटारींना मारायचा हिरवा होता, तोच मारला. आवाज कमीजास्त करायचं बटण एका मेलेल्या रेडिओचं. गळ्यात अडकवायचा पट्टा मी माझ्या शाळेच्या दप्तराचा शिवला, दुहेरी दोऱ्यानं.

खरं दुखणं आत होतं. तारांखाली चुंबकांची एक पट्टी असते आणि तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. आवाज पकडते ती. आमची तुटली होती. एवढी बारीक तार नानांकडे नव्हती, ती भाऊनं रेडिओवाल्याकडून मिळवली. ती पट्टी आम्ही नानांच्या तार भरायच्या यंत्रावर बसवली. भाऊ दांडा फिरवायचा, मी दोन बोटांत तार धरायचे. जरा ओढली की तुटे. तुटली की पहिल्यापासून. भाऊ एकदाही चिडला नाही. मी श्वास धरून बसायचे आणि तो हळू आवाजात म्हणायचा, चाललंय, चाललंय. शेवटी ती पुरी भरली. टोकांना टाके मी दिले.

बँजो पार्टीच्या भोंग्याला जोडून त्यानं पहिली तार छेडली, तेव्हा पुढच्या खोलीतले नाना उठून आत आले. आईसुद्धा आली. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "हाई आपली दोन्हीस्नी शे." आपल्या दोघांची. तुम्हाला हे लहानसं वाटेल. मला त्याआधी कुणी असं काही दिलं नव्हतं.

मग भाऊचं लग्न झालं.

कुंदावहिनी शिरपूरकडची. माझ्याहून वर्षभरानंच लहान, तरी मला "अहो ताई" म्हणायची. स्वभावानं गरीब. तिच्यात काही वाकडं शोधायला मी फार मेहनत घेतली, पण हाती काही लागलं नाही. आणि ती गायची. भाकरी थापताना सहज गुणगुणली तरी पुढच्या खोलीत आलेलं गिऱ्हाईक बोलायचं थांबे. भाऊ कारखान्यातून आला की हात न धुता गिटार काढायचा. आधी मी बसायचे त्या पोत्यावर ती बसायची. मी चहा आणून द्यायचे. माझ्यावर कुणी सक्ती केली होती का? नाही. मीच आणायचे, आणि दोघांनी कप न बघता उचलले की आत जाऊन भांडी आपटायचे.

एक दिवस तिनं गंमत म्हणून गिटार गळ्यात घातली. ती बुटकी, म्हणून भाऊनं पट्ट्याची माझी शिवण उसवली आणि पट्टा आखूड केला. बस, एवढंच. मला ती शिवण अजून दिसते.

त्यानंतर पाहुणे आले होते. कुणीतरी विचारलं, ही गिटार कुठून आणली? भाऊनं सांगितलं — मोडकी होती, मी दुरुस्त केली, हिच्यासाठीच केली म्हणा ना. सगळे हसले. वहिनी लाजली. मी परातीत कणीक मळत होते, तिथूनच ऐकलं. हिच्यासाठी? उन्हाळ्यात ही कुठे होती? भाऊ ते कौतुकानं बोलून गेला, नव्या नवऱ्यासारखं, हे तेव्हाही मला कळत होतं. कळून काय उपयोग? मी जळत होते. लोक हेवा म्हणतात, असूया म्हणतात. मला ते शब्द फार धुतलेले वाटतात. मी तिच्यावर जळत होते आणि तिनं गाताना एकदा तरी बेसूर व्हावं म्हणून कान लावून बसत होते. ती झाली नाही.

आता येतं ते.

जामनेरला आमच्या मावसभावाचं लग्न होतं. हळदीच्या संध्याकाळी भाऊ वाजवणार, वहिनी गाणार असं ठरलं. धुळ्याच्या दुसऱ्या एका ऑर्केस्ट्राचे मालक वऱ्हाडात येणार होते. त्यांना वाजवणारा हवा होता आणि गाणारी बाईही. नवरा-बायको एकत्र असतील तर घरचे लोकही नाही म्हणणार नाहीत, असं भाऊचं गणित. तो कारखान्याला कंटाळला होता. वहिनीनं तर जन्मात स्टेज बघितलं नव्हतं. ती आठवडाभर थंड पाणी पीत नव्हती.

निघायच्या सकाळी गिटार खरखर करायला लागली. भाऊनं ती माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, तूच बघ, तुझ्याशिवाय हिच्यात कुणाला काय कळतं?

हे तो आधी म्हणाला असता तर? नको. असा विचार मी पुष्कळ केला आहे आणि दरवेळी तो मलाच सोयीचा निघतो.

मी मागचं झाकण उघडलं. बटणाकडची एक तार सुटायला आली होती. ती पूर्ण काढली. खरवडली नाही. तापवलीही नाही. नुसता शिशाचा थेंब वर ठेवला. गोल, चकचकीत. मी दिलेला पहिला आणि शेवटचा कच्चा टाका. टेम्पोच्या धक्क्यांत तो सैल होणार आणि मोठ्या आवाजात सुटणार, हे मला नानांइतकंच ठाऊक होतं. भाऊनं वाजवून बघितलं — छान वाजली. वहिनीनं माझ्या हातावर हात ठेवला.

जामनेरला पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या सुरुवातीला गिटार गेली. भाऊ बटण फिरवतोय, वायर हलवतोय, भोंग्यातून फाटका कडकड आवाज येतोय. वहिनी एकटी गात राहिली, पाच-सहा शब्द. मग पोरांनी शिट्या मारल्या. तिचा आवाज कापला, ती थांबली आणि पदर तोंडावर घेऊन खाली उतरली. धुळ्याचे मालक सभ्य माणूस. जेवून, हात धुऊन गेले. पुन्हा काही निरोप आला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? खोडसाळपणा झाला, वाईट झालं, पण एवढंच असतं तर मीही कधीतरी सांगून मोकळी झाले असते. पुढे जे केलं ते सांगायला जीभ वळत नाही.

जळगावला परतल्यावर सगळे अंघोळीपांघोळीत होते. मी गिटार मागच्या दारी नेली, झाकण उघडलं, तार खरवडली, तापवली आणि तिथे पक्का टाका दिला. का? नाना उघडून बघणार, हे नक्की होतं. आणि कच्चा टाका कुणाचा, हे त्यांना विचारावं लागलं नसतं. त्यांच्या नजरेतून उतरायचं मला धैर्य नव्हतं. दुसरं कारण नाही.

नानांनी बघितलं. चष्मा लावून, चिमट्यानं प्रत्येक तार ओढून. भोंग्याला जोडली, झटके दिले, आपटायची तेवढी बाकी ठेवली. खणखणीत वाजली. "हिनामा काही खोट नई," ते म्हणाले. "टाका पक्का शे. मनी पोरना टाका शे." पोरीचा, म्हणजे माझा. भाऊ खुळ्यासारखा बघत राहिला. मग जामनेरला काय झालं होतं?

आई भाजी निवडत होती. वर न बघता बोलली, "मशीनमा खोट नई, मंग खोट कोनामा शे?"

 वहिनी ओट्याजवळ उभी होती. मी तिथेच होते, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि बोटांना अजून सोल्डरच्या राळेचा वास होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी भाजी निवडायला बसले.

नवी सून आली आणि पहिल्याच शुभकार्यात असं झालं, असं आई मावशीला म्हणाली. मावशीनं आणखी दोघींना सांगितलं. हळूहळू त्याला नाव मिळालं — पायगुण. वहिनीचा पायगुण चांगला नाही. नंतर कुणाची मोटार आमच्याकडून भरून गेली आणि पुन्हा जळाली, तरी पायगुण. भाऊला कारखान्यात बढती मिळाली नाही, तरी तोच. भाऊ आधी आईशी भांडायचा. मग गप्प बसायला लागला, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ वहिनीनं लावायचा तो लावला. गाणं केव्हा थांबलं, हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी कान लावून बसायचे ना.

एकदा तिनंच मला विचारलं. आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. "ताई, मना पायगुन खरंच वाईट शे का?" माझ्याशिवाय हे विचारायला तिला घरात दुसरं माणूस नव्हतं. मी म्हणाले, असं काही नसतं गं. आणि पापड उलटा करायला लागले. असं काही नसतं — खरंच बोलले बघा. खोटं न बोलता खोटं बोलायची कला मला तेव्हाच साधली होती.

मला बघायला धुळ्याची माणसं आली, तेव्हा आईनं वहिनीला मागच्या खोलीत थांबायला सांगितलं. तिनं केलेले पोहे, तिनं नेसवलेली साडी, तिनं घातलेली वेणी — हे सगळं घेऊन मी पुढे गेले. लग्न जमलं. आईच्या मते बरं झालं, ती समोर आली नाही.

आता आईही नाही, नानाही नाहीत. भाऊ कारखान्यातच राहिला. गिटार त्यांच्या खोलीत खुंटीला आहे, अजून हिरवीगार. मागे त्याच्या मुलानं वाजवून बघितली. वाजते. माझा टाका पक्का आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीची गाण्याची स्पर्धा जळगावला होती, म्हणून आम्ही माहेरी उतरलो. हो, माझी लेक गाते. कुणाकडून आलं, विचारू नका. निघायच्या वेळी वहिनीनं वाटीत दही कालवलं, साखर घातली, आणि वाटी माझ्या हातात दिली. "ताई, तुम्हीच द्या." मग कुणी काही सांगायच्या आत, कुणी काही सांगणारं उरलं नसताना, ती आपणहून स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. पोरीला जाताना आपलं तोंड दिसू नये म्हणून. दाराखालच्या फटीतून तिच्या साडीचा काठ दिसत होता. पोर विचारत होती, मामी कुठे गेली, तिच्या पाया पडायचंय.

मी म्हणाले, उशीर होतोय. आणि लेकीच्या हातावर दही घातलं.