टेन्शन नव्हतं, मेंदूला सूज होती

परवा कंधारहून नांदेडला गेलो होतो. धाकटी बहीण प्रतीक्षा, बाबा आणि मी. मेंदूच्या डॉक्टरांकडे तिची तपासणी होती. गोळ्या कमी होणार की वाढणार, ते ठरणार होतं... मी एसटीत फाईलमधले रिपोर्ट पुन्हा पुन्हा क्रमाने लावत होतो.

मागच्या वर्षी ती लातूरला नीटच्या क्लासला होती. तिथेच एकदा अचानक आठवडाभरात तिची झोप गेली, ती असंबद्ध बोलायला लागली. मेसवाल्या काकू भाजीत काहीतरी घालतात, असं म्हणायला लागली.

लातूरला शिकणारं पोरगं विचित्र वागलं की आमच्याकडे निदान ठरलेलं असतं... टेन्शन. मामा तेच म्हणाले, मीही तेच म्हणालो. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी "काय त्रास होतोय?" असं विचारलं, तर बाबांनी टेस्ट सिरीजचे मार्क सांगायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मार्क राहू द्या. आधी ताप आला होता का?"

आला होता... आम्ही तो धरलाच नव्हता. तिच्या तोंडाची आपोआप होणारी हालचाल त्यांनी बघितली आणि आजच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले.

पाठीतलं पाणी तपासल्यावर कळलं. रोगाशी लढणारी शरीराची ताकदच चुकून तिच्या मेंदूवर उलटली होती. उपचार लगेच सुरू झाले, पण ती पूर्वीसारखी व्हायला बरेच महिने गेले.

तर परवा डॉक्टरांनी तिला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. ऑगस्टला ती थांबली... माझे ओठ आपोआप हलायला लागले.

तिने माझ्याकडे बघितलं. "सर, आधी ह्या भैयाला बाहेर बसवा. टेस्ट माझी हाय अन् घाम त्याला येऊन राहिला." मग जुलैपासून जानेवारीपर्यंत सगळे महिने तिने एका दमात म्हटले.

डॉक्टर हसले. "भावाला टोमणे मारायला लागली ना? मग गोळ्या कमी करू या."

कुणाच्या घरी पोरगं असं अचानक बदललं, तर मनाच्या डॉक्टरांकडे जरूर जा, पण ताप, झटके, बोलण्यात फरक, जे दिसलं ते सगळं सांगा. आम्हाला विचारणारा माणूस भेटला, हे आमचं नशीब.

परतताना ती कंधार येईपर्यंत माझी खेचत होती आणि बाबा तिचीच बाजू घेत होते. मी खिडकीकडे तोंड करून गुपचूप ऐकत होतो... गाव जरा लांब असतं तरी चाललं असतं.