हाजी मक्कीचा हद्रा आणि दत्तूची ओहोटी

हां, तर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत दत्तूच्या मागोमाग चाललाय, इथवर आलो होतो आपण. पुढं काय, तर दत्तूनं हात हलवून नको म्हटलं, ती टॅक्सी गेली आणि दुसरी आली. तीही हॉर्न वाजवत. ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. बहरीनमध्ये अदलियाच्या रस्त्यानं पायी जाणारा माणूस म्हणजे टॅक्सी न मिळालेला माणूस, अशी सगळ्यांची पक्की समजूत. एका भल्या पठाणानं तर काच खाली करून विचारलं, "पैसा नहीं है क्या? बैठो, ऐसे ही छोड देता हूँ." दत्तू म्हणाला, "पैसा भी है, पैर भी है." पठाणानं त्याच्या पायांकडं वाकून बघितलं, कीव केली आणि गाडी काढली.

हा दत्तू कासारे गुहागरकडचा, खाडीकाठच्या बुद्धवाडीतला. वय एक्केचाळीस. आयटीआय करून मोटार वाइंडिंगमध्ये हात बसलेला. मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जहाजांचे पंप यायचे, त्यांच्या जळालेल्या मोटारी हा पुन्हा भरायचा. कामाला पक्का, पण स्वभावाला एक खोड. एखादी गोष्ट कशी चालते हे कळलं नाही, तर त्याला जेवण गोड लागत नसे. लग्नात सासऱ्यांनी घड्याळ दिलं, ते यानं हळद उतरायच्या आत उघडून बघितलं. पुष्पलता, म्हणजे त्याची बायको, अजून माहेरी हे सांगते.

अदलियात चौघांनी मिळून खोली घेतली होती. त्यातला कमाल श्रीवर्धनचा, बाब अल बहरीनच्या बाजारात कापडदुकानात कारकून. अकरा वर्षं बहरीनमध्ये काढलेली, अरबी फाडफाड बोलणार. दत्तू नवीन आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं कमालला विचारलं, "इथली ओहोटी कधी असते रे?"

कमाल विचारात पडला. "ओहोटी? काय माहीत बुवा. समुद्र आहे तिकडं, तो बघतो त्याचं तो."

"अकरा वर्षं समुद्राकाठी राहतोस, श्रीवर्धनचा म्हणवतोस!"

"अरे, मी कापड विकतो, कोळंबी नाही!"

दत्तूला ओहोटी कशाला हवी होती, तेही सांगितलं पाहिजे. वर्कशॉपच्या अलीकडं किनाऱ्याशी उथळ पाण्यात खांबांचं एक कुंपण उभं होतं. वरनं पाहिलं तर बाणाच्या टोकासारखं. एक लांब ओळ किनाऱ्याकडनं आत गेलेली, आणि शेवटी खोलीसारखं आवार. त्याला हद्रा म्हणतात, मासे पकडायची जुनी तऱ्हा. भरतीला पाण्यावर नुसती खांबांची टोकं दिसायची. ओहोटीला सगळं उघडं पडत असणार आणि धनी आत चालत जाऊन मासे गोळा करत असणार, एवढं दत्तूनं ओळखलं. पण आतली रचना काही दिसेना. बास, लागला त्याच्या मागं.

आता खाडीकाठच्या माणसाला ओहोटी कुणाला विचारावी लागत नाही. दत्तूची आई खडकांवरची कालवं काढायला जायची, तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण गणित तोंडावर. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सहाला भरती आणि बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. या गणितानं बाईनं चाळीस वर्षं कालवं काढली आणि एकदाही ओल्या पायांनी रिकामी परत आली नाही. दत्तूनं घरून आणलेलं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, तिथ्या मोजल्या आणि खिशातल्या डायरीत रोजची ओहोटी लिहून काढली. चंद्र तोच, समुद्र एकमेकांना जोडलेले, मग गणित वेगळं कशाला असेल?

झालं, त्याचं रोजचं चालणं सुरू झालं. थंडीचे दिवस, ऊन लागायचं नाही. दुपारी बारा ते तीन वर्कशॉप बंद असायचं, कधी तेव्हा जायचा. कधी पहाटे, कधी सुटीनंतर. डायरीत असेल ती वेळ. बंगल्यांच्या कुंपणावरची बोगनवेल, कॅफेबाहेर खुर्च्या पुसणारा मल्याळी, मग मोकळा रस्ता, मग गोदामं, मग खारा वास. आणि किनाऱ्यावर पोचला की समोर काय? भरलेला समुद्र! खांबांची टोकं तेवढी वर.

पहिल्या दिवशी वाटलं, तिथी मोजायला चुकलो. चौथ्या दिवशी वाटलं, वारा असेल. दहाव्या दिवशी तो खोलीवर येऊन गंभीरपणानं म्हणाला, "कमाल, या देशाला ओहोटी नाही."

कमालच्या हातातला चहा सांडला. "लिहून कळव सरकारला!"

"हसू नकोस. गुरुवारी पौर्णिमा आहे. पौर्णिमेची ओहोटी सगळ्यांत मोठी. सव्वापाचला. तू चल त्या दिवशी, दाखवतोच."

कमाल निव्वळ गंमत बघायला गेला. पोचले तर समुद्र काठोकाठ. कमाल कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वा! काय मोठी ओहोटी आहे! लुंगी वर धर, नाहीतर भिजशील."

दत्तू उत्तर देणार, तेवढ्यात मागनं काठी आपटल्याचा आवाज आला. पांढरा झगा, पांढरी दाढी, आणि डोळ्यांत जाळ. हाजी मक्की, हद्र्याचा धनी. महिनाभर त्याच्या हद्र्यातला मासा कुणीतरी परस्पर काढून नेत होतं. आणि पंधरा दिवस हा काळा हिंदी माणूस रोज येऊन त्याच्या हद्र्याकडं टक लावून बघत होता. एकाच वेळी आला असता तर हाजी म्हणाला असता, फिरायला येतो. पण हा रोज वेगळ्या वेळी यायचा! रोज वेगळ्या वेळी समुद्रावर कोण येतं? ज्याला पाण्याची वेळ साधायची असते तो. म्हणजे चोर.

हाजी जवानीत लाँचवरून मुंबईला जाऊन आलेला, हिंदी मोडकं बोलायचा. रागाला मात्र अरबीच लागत होती. कमाल भराभर सांगू लागला, "दत्तू, हा म्हणतो तू मासे चोरतोस. बंदराच्या गेटवर पोलीस आहेत, त्यांना आणतो म्हणतो."

दत्तूनं मनात हिशेब मांडला. पोलीस म्हणजे कार्ड बघणार, कार्डावरून कंपनी, कंपनीवरून व्हिसा. आणि गावात काय सांगायचं? मासे चोरले म्हणून परत पाठवला? लेक दीप्ती सातवीत होती. बापानं मासे चोरले, हे तिनं शाळेत ऐकायचं?

घाबरून त्यानं खिशातली डायरी काढली आणि हाजीसमोर धरली. "हाजीसाब, देखो, मैं ओहोटी देखने आता है. सब टाइम लिखा है."

हाजीचा आवाज आणखी चढला. कमालनं कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या! तो म्हणतो, एवढी वर्षं चोर पाहिले, पण वेळापत्रक लिहिणारा चोर पहिलाच."

"तू वाच. त्याला वाचून दाखव," दत्तू म्हणाला.

कमाल नाइलाजानं अरबीत वाचू लागला. गेला गुरुवार, दुपारी बारा. हाजी थबकला. म्हणाला, गुरुवारी बारा वाजता? तेव्हा पाणी माणसाच्या गळ्याला होतं. शनिवार, दुपारी दीड. तेव्हा माझी होडी त्याच आवारावर तरंगत होती. बुधवार, पहाटे साडेचार. तेव्हा लाटा किनाऱ्याच्या या भिंतीला लागत होत्या, मी स्वतः नमाजाला निघालो होतो. हाजीचा आवाज खाली येत चालला. दाढीआड काहीतरी हलायला लागलं.

कमालनं संधी साधली आणि हिंदीवर आला. "हाजी, याचं गणित साफ चुकलंय. हा रोज बरोबर भरतीला आलाय. चोर असा असतो का?"

ते दत्तूला कळलं आणि तो उसळला. "गणित चुकलं नाही! माझ्या आईनं चाळीस वर्षं—"

"गप रे, दत्तू! गणित चुकलंय म्हणून तू वाचतोयस. बरोबर ठरलं तर आत जाशील!"

दत्तूची मोठी पंचाईत झाली. आईचं बरोबर म्हणावं तर आपण चोर, आणि आपण साव म्हणावं तर आई खोटी. शेवटी मान खाली घालून हिंदीत म्हणाला, "हाजीसाब, इधर गलत है. गाँव में सही है."

हाजी उलट्या घातलेल्या होडीवर बसला आणि इतका हसला, की काठी हातातून घरंगळली. डोळे पुसत म्हणाला, "तेरा अम्मा सच्चा. तेरा समुंदर का वास्ते सच्चा. ये समुंदर दूसरा, इसका टाइम दूसरा." मग स्वतःशीच अरबीत काहीतरी बोलला. कमालनं सांगितलं, "म्हणतो, खांबांमधली तळाची जाळी फाटली असेल, मासे तिथनंच जात असतील. उद्या पाणी उतरलं की बघतो. पोलीस-बिलीस खलास."

दत्तूनं डायरी खिशात घातली. पण हाजी काही उठेना. त्याच्या कपाळावर एक आठी अजून शिल्लक होती. त्यानं काठीनं शेजारची जागा दाखवली, दत्तूला बसवलं आणि कमालमार्फत विचारलं, की चोर नाहीस हे मान्य, पण मोटारी दुरुस्त करणारा माणूस जेवणाची सुटी टाकून पंधरा दिवस इथं पायी येतो, तो काय बघायला?

दत्तूनं खांबांच्या टोकांकडं एकदा पाहिलं, आणि कमालला म्हणाला, "यांना माझं जसंच्या तसं सांग हां, तुझं काही घालू नकोस. म्हणावं, मासा आत कसा शिरतो ते मला इथनं कळतंय. पण शिरलेला मासा त्याच वाटेनं परत का जात नाही, तेवढं काही कळंना. म्हणून येतो."