हिरव्या पट्टीला ऐकू येतं

माइक तपासण्यासाठी ब्राउझरमध्ये एक पान उघडून मी एकटीच बोलत बसले आहे. 'हॅलो, हॅलो' म्हटलं की पडद्यावरची हिरवी पट्टी उसळते. कुकरची शिट्टी झाली तरी उसळते. म्हणजे माइक धडधाकट आहे.

मघाशी आम्हा भावंडांचा व्हिडिओ कॉल होता. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं का, एवढाच विषय. मी तोंड उघडलं, तर दादा म्हणाला, "सुमे, तुझा आवाज येत नाहीये." मी माइकची परवानगी पाहिली, हेडफोन काढून पुन्हा लावला. तेवढ्यात तो धाकट्याला म्हणाला, "चला, म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं." कॉल संपला. मी लगेच फोन केला, तर म्हणतो कसा, "मग तेव्हाच बोलायचंस ना!"

माझं लग्नही असंच ठरलं होतं. पोरगी गप्प आहे म्हणजे पसंती आहे, असं म्हणून आत्याने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. तेव्हा तर मध्ये माइकही नव्हता.

आता मी त्या पानालाच मोठ्याने सांगितलं, "आई माझ्याकडे राहील." पट्टी पार टोकापर्यंत उसळली, आणि मी गप्प होताच निमूट खाली बसली.