एकोणसाठच्या पलीकडचा पोसम

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की शाळेसाठी आलेख काढणारा कॅल्क्युलेटर घ्यावा लागला आणि तो ‘सुपर बोअरिंग’ आहे. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. कॅनडातलं तुमचं घर मी अजून पाहिलेलं नाही, पण तो कॅल्क्युलेटर मला चांगला ठाऊक आहे.

महामारीच्या वर्षी मी मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत तुमच्या आत्याकडे अडकले होते. तुमची आतेबहीण तेव्हा दहावीत. शाळा लॅपटॉपवर भरायची. त्याआधी रविवारच्या मराठी वर्गात तिची एक जिवलग मैत्रीण होती, नागपूरकडच्या कुटुंबातली. मागच्या बाकावर बसून दोघी आपापले कॅल्क्युलेटर वितभर वायरने जोडायच्या आणि एकमेकींना खेळ द्यायच्या. बाईंना वाटायचं, गणित चाललंय.

मग मैत्रिणीच्या वडिलांना ब्रिस्बेनकडे नोकरी मिळाली. ते लोक स्प्रिंगफील्ड लेक्सला गेले आणि लगेच राज्यांच्या सीमा बंद झाल्या. सुरुवातीला दोघी रोज बोलायच्या. पुढे ते बोलणं ‘हाय, गुड, बाय’वर आलं.

“ती मला विसरणार, आजी,” नात एकदा भांडी पुसताना म्हणाली. “तिथे शाळा उघडलीये. शी हॅज न्यू फ्रेंड्स.”

त्याच आठवड्यात तिने कॅल्क्युलेटरवर स्वतःचा खेळ रचायला घेतला. पोसम हा तिथला मांजराएवढा प्राणी. संध्याकाळी आमच्या मागच्या कुंपणावरून चालत जायचा. खेळातला पोसम म्हणजे नुसता इंग्रजी ‘ओ’. तो कुंपणावरून चाले, वरून काटक्या पडत, त्या चुकवायच्या. खेळ तयार झाला, पण तो मैत्रिणीला द्यायचा कसा? वायर काही ब्रिस्बेनपर्यंत पोचणार नव्हती. नातीने पडद्यावरच्या प्रोग्रॅमचे फोटो पाठवले, म्हणजे मैत्रिणीने तो ओळीओळीने आपल्या कॅल्क्युलेटरवर उतरवायचा. फोटो बघून बटणं दाबताना मैत्रिणीची ओळ सारखी चुके.

“मी वाचून दाखवते,” नात म्हणाली, आणि इतक्या भरभर वाचू लागली की पलीकडून ओरडा आला, “यार, स्लो डाउन! आजींना दे.”

शाळेत इंग्रजी शिकवताना मी कितीतरी डिक्टेशनं घातली होती. चष्मा लावून बसले. पण फोनवर आवाज तुटत होता.

“आजी, थर्टीन की थर्टी?”

“थर्टी.”

“फिफ्टीन?”

“फिफ्टी!”

असं चारदा झाल्यावर मी म्हटलं, “आकडे मराठीत सांगते. तेरा आणि तीस यांत घोळ होत नाही.” मी स्वतः इंग्रजी माध्यमातली, पण आकडे आईने पाठ करून घेतले होते. मग काम सुरळीत चाललं. दुपार संपता संपता मैत्रीण म्हणाली, “झालं! रन करते.”

मग ती इतकी हसू लागली की तिला बोलता येईना.

“तुझा पोसम उडतोय गं! कुंपण संपलं तरी चालतोच आहे, हवेत!”

“इम्पॉसिबल. कुंपणाची उजवी कड किती टाकलीस?”

“आजींनी सांगितली तेवढीच. सिक्स्टी-नाइन.”

“मी एकोणसाठ म्हटलं होतं,” मी म्हणाले.

“तेच ना! साठ आणि नऊ!”

“एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. फिफ्टी-नाइन.”

“व्हॉट! मग मराठी वर्गात मी दोन वर्षं काय करत होते?”

“खेळत होतीस,” नात म्हणाली. त्या हिवाळ्यात ती अशी पहिल्यांदाच हसली.

खरं तर ती आपल्या खेळाबाबत फार काटेकोर. आता आकडा बदलायला लावेल असं मला वाटलं. पण मैत्रीण म्हणाली, “थांब, बदलू नको. कुंपणापलीकडे काटक्या पडतच नाहीत. दमला की तो इथे येऊन बसतो.” नातीने क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर एकोणसाठ खोडून एकोणसत्तर केलं. त्यानंतर कुणाचे गुण जास्त यावर रोज संध्याकाळी भांडण. “तू हवेत बसून राहतेस, चीटर!” हे मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

आता दोघी वेगवेगळ्या शहरांत युनिव्हर्सिटीत आहेत. तो कॅल्क्युलेटर दोघींनाही लागत नाही. फोन मात्र अजून करतात.