पदरावर न बसणारा पट्टा

आईच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. थोडं काम केलं तरी तिला दम लागतो. पुण्याहून महिन्यातून एकदा सोलापुरात येणारे डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची गरज नाही. मांडीच्या शिरेतून नळी घालून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत झडपेला बारीकसा चिमटा लावता येईल. आई म्हणाली, "आधी मला दाखवा, मग सही करते."

दाखवायची सोय होती. सोनोग्राफीवरून तयार केलेलं तिचंच हृदय व्हीआर चष्म्यातून दिसत होतं. पण चष्मा आधी गेला थोरल्या काकांकडे. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून ते सांगोल्याहून आले होते, आणि आमच्यात कुठलीही गोष्ट आधी त्यांच्याच हातात जाते.

"आयला, घरापेक्षा मोठं हाय की! हितं दार उघडंच ऱ्हातंय बघ."

मग मी घातला. झडप उघडत होती, मिटत होती, एका कोपऱ्यात मात्र मिटतच नव्हती. कुणालाही कळावं इतकं स्पष्ट.

आईची पाळी आली. चष्म्याचा पट्टा पदरावर बसेना. "मावशी, पदर जरा मागे घ्या ना," नर्स म्हणाली. आईनं तो उलट कपाळापर्यंत ओढला. थोरल्या दिरासमोर तिचा पदर लग्नापासून कधी ढळलेला नाही.

"ऱ्हाऊ दे. त्यांनी बघितलंय की," ती नर्सला म्हणाली.

"व्हय, मी बघितलंय," काका माझ्याकडे वळले. "तिला सही करायला सांग."

काकांना दोन मिनिटं बाहेर थांबा म्हणायचं, एवढंच करायला हवं होतं. डॉक्टरांचं सगळं इंग्रजी मी आईला समजावून दिलं होतं. हे एक वाक्य मात्र तोंडातून निघेना. मी फाईल चाळत बसले. पुढचा पेशंट आत आला आणि चष्मा त्याच्याकडे गेला.

सही झालीच नाही. काका चिडून स्टँडवर निघून गेले.

रिक्षात आई म्हणाली, "त्यांना बाहेर थांबा म्हणायला तुझं तोंड शिवलं होतं का गं? एवढं शिकवलं ते कशाला?"

"तू का नाही बोललीस?"

"मी? त्यांना?"

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात फोन केला. डॉक्टर आणि चष्मा, दोन्ही आता पुढच्या महिन्यात. या वेळी काकांना कळवायचंच नाही, असं मी आईला सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली होती, श्वास जागेवर यायची वाट बघत.

"त्यांना न सांगता कसं चालंल?" ती म्हणाली.